अडतीस सेंटिमीटर

बडोदे ते सांतियागो:
तीस सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर
अडतीस, वर तीन-चार मिलिमीटर.
मी स्वतः मोजलंय.
चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली,
मांडवीतल्या कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासल्या,
सोनारांची गुंजभर खोट पकडली.
माझ्या मापाला कुणी बोट लावायचं नाही.

त्या रात्री घरात साधा दोरा सापडेना.
उत्तरायण होऊन दोनच दिवस झालेले,
गच्चीवर गुलाबी मांजाचा गुंता.
त्यातलाच तुकडा ताणून धरला
गुजरातच्या खाचेपासून.
अरबी समुद्र, आफ्रिकेचं पोट,
मग बराच वेळ नुसतंच निळं,
मग अँडीजचा तपकिरी कणा,
आणि कण्याला टेकून दिगू.
सोळा हजार तीनशे किलोमीटर.
विमान ताशी साडेआठशे.
एकोणीस तास. धरून चाला वीस.

आतल्या खोलीत अण्णा बर्फावर होते.
दिगू फोनवर म्हणाला, दादा, निघतोय, थांब.
मी थांबलो.
वीस तास.
बावीस.
तांबवेकर घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.
बर्फवाल्याचा पोरगा विचारून गेला,
अजून एक लादी टाकू का.
मी नको म्हटलं.
पंचविसाव्या तासाला आम्ही खासवाडीला निघालो.

तो पोचला दुसऱ्या दिवशी,
बॅगेला तीन विमानतळांच्या चिठ्ठ्या,
बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
राखेला हात लावून पाहिला त्यानं. गरम होती.
आणि मी म्हणालो,
सगळ्यांसमोर, मोजून मापून म्हणालो,
"वाट एकोणीस तासांची.
उरलेले वीस तास कुठे होतास?"
त्यानं तोंड उघडलं. मिटलं.
दहाव्याला तो नव्हता.

परवा नऊ वर्षं झाली.

आज दांडिया बाजारात, अरुंद जिना चढून,
धृती पारेख नावाच्या मुलीसमोर बसलोय.
तिच्या नखांना हिरवा रंग,
ती पडद्यावर बोट सरकवत जाते.
बडोदे-दिल्ली. दिल्लीत सहा तास.
दिल्ली-फ्रँकफर्ट. तिथे बाकावर आठ.
मग साओ पावलो, तिथं पुन्हा रांग.
"ओगणचाळीस कलाक, काका. आनाथी ओछा नहीं थाय."
मी विचारलं, आणि सरळ?
ती हसली.
"सीधुं तो नकशामां होय."

एकोणचाळीस.
म्हणजे फोन ठेवल्यावर
त्यानं नाड्याही बांधल्या नव्हत्या.

खोट्या मापासाठी आमच्याकडे रीत होती.
दोन पंचांसमोर जप्ती,
कागदावर मालकाची सही.
मालक दर वेळी तेच बोलायचा,
साहेब, मला ठाऊक नव्हतं.
मी दर वेळी तेच ऐकवायचो,
ठाऊक असणं हेच तुमचं काम.
त्या पट्ट्या आम्ही गोदामात मोडायचो,
गुडघ्यावर ठेवून.

पृथ्वीगोल अजून कपाटावर आहे.
मांजाच्या भुकटीची पुसट गुलाबी रेघ त्यावर,
सोमालियापासून चिलीपर्यंत.
सून धूळ झटकते, ती रेघ का जात नाही
कोण जाणे.

"रिटर्न पण काढू?" धृती विचारते.
"आणि बारीवाळी सीट?"
मी विचारतो, तिथं आत्ता किती वाजले असतील.
रात्रीचे अडीच.
झोपला असेल.
आधी विचारायला हवं ना त्याला, येऊ का म्हणून.
साडेतीन वाजले की तिकडे सात होतील,
तो उठेल, दाढी करेल,
अजून सकाळी चहाच घेत असेल की नाही.

"काका, दुकान दोनला बंद, जमवा माटे."
चालेल, मी म्हणतो.
मी जिन्यावर थांबतो.